बॉनेटखालचा फ्रेंच

मामांची जीप सुरू करायची म्हणजे आधी हीटर मारावा लागे. किल्ली अर्धी फिरवून धरायची, मनातल्या मनात दहा-पंधरा आकडे मोजायचे आणि मग स्टार्टर द्यायचा. घाईत कुणी थेट स्टार्टर मारलाच, तर इंजिन दमेकऱ्यासारखं नुसतं खोकत राहायचं आणि मामा घरातून ओरडायचे, "अरे, हीटर मार आधी! स्कूटर वाटली काय तुला?" १९८७ सालची एमएम ५४०. जन्म कांदिवलीचा, महिंद्राच्या आकुर्ली रोडवरच्या कारखान्यातला. नांदली मात्र वाईला. आम्ही बोरिवलीची भाचरं सुट्टीत तिकडे गेलो की त्या जीपकडे माहेरच्या माणसासारखं बघायचो. आमच्या शेजारच्या स्टेशनातली गाडी होती ती.

एका मे महिन्यात तिचं हेड खोललं होतं. ओसरीसमोर गोणपाटावर नटबोल्ट मांडलेले, डिझेलचा वास, आणि मिस्त्री हात पुसत मामांना म्हणाले, "आण्णा, बॉडी अमेरिकेची, बनवली मुंबईला, पर इंजान फ्रान्सचं हाय बरं का. पीजो." मामांनी मान डोलावली, पण तो शब्द त्यांना लागला नसावा. पुढे याच शब्दाचे मी पिजो, प्यूजो, पेजोट आणि एकदा चक्क प्यूजिऑट असे चार उच्चार ऐकले. फ्रेंच उच्चार देवनागरीत नीट बसत नाही. मी आपला प्यूजो लिहितो.

मिस्त्रींचं म्हणणं शब्दशः खरं होतं. महिंद्राच्या आधीच्या डिझेल जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन असे. १९७९ मध्ये कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोशी 'एक्सडीपी ४.९०' हे डिझेल इंजिन बनवण्याचा करार केला आणि पुढे इगतपुरीच्या कारखान्यात ती इंजिनं तयार होऊ लागली. नावातच त्याची कुंडली आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर. गुणाकार केला की २११२ सीसी येतात. हेच २११२ सीसीचं डिझेल १९७० पासून प्यूजोच्या '५०४' या मोटारीत बसत होतं. ताकद साठेक अश्वशक्ती, म्हणजे आजच्या लहान मोटारीपेक्षाही कमी. पण ओढायला चिवट. जीपच्या मॉडेलपुढे 'डीपी' लिहिलेलं असे, त्यातला 'पी' प्यूजोचा, असं जीपवाले आजही सांगतात.

आता हीटरचं. या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जात नाही. हेडमध्ये वाटीसारखी एक छोटी खोली असते. हवा तिथे भोवऱ्यासारखी फिरते, डिझेल आधी तिथे पेटतं आणि मग ती ज्वाळा मोठ्या सिलिंडरमध्ये उतरते. त्यामुळे जळणं सावकाश होतं, धडधड कमी होते, आणि ट्रॅक्टरच्या मानाने इंजिन माणसात आल्यासारखं वाटतं. तोटा इतकाच, की त्या खोलीच्या भिंती गार असल्या तर दाबलेल्या हवेची उष्णता त्या शोषून घेतात आणि डिझेल पेट घेत नाही. म्हणून आधी तापलेल्या तारेने खोली गरम करायची. गंमत पुढे आहे. श्रीमंतांच्या ड्रायव्हरला आपण 'शोफर' म्हणतो तो शब्द फ्रेंच, आणि त्याचा मूळ अर्थ भट्टी पेटवणारा, तापवणारा. वाफेच्या गाड्यांच्या काळात चालकाचं पहिलं काम तेच होतं. वाईच्या थंडीत किल्ली धरून आकडे मोजणारा माझा मामेभाऊ मूळ अर्थाने शोफर होता. गॅरेज हा शब्दही फ्रेंच, आरटीओच्या कागदावरच्या चासी नंबरमधली चासीही फ्रेंच आणि कार्बोरेटरही तिथलाच. मोटार जर्मनीत जन्मली हे खरं; पण तिला भाषा फ्रान्सने दिली, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात सर्वांत जास्त मोटारी तिथे बनत होत्या.

साताऱ्या-कोल्हापुराकडे माणसं भरभरून नेणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. मागे समोरासमोर बाकडी, मध्ये कोंबड्यांची पाटी, फूटबोर्डावर दोघं लटकलेले. या वडापांमध्ये प्यूजोचं डिझेल बसलेल्या महिंद्राच्या गाड्या भरपूर होत्या. तिकडे आफ्रिकेत, सेनेगलमध्ये, हेच काम प्यूजो ५०४ची लांब, मागून उघडणारी गाडी करत होती. सात उतारू घेते म्हणून तिचं नावच 'सात जागा'. नायजेरियात काडूनाला ५०४ची जुळणी १९७५ पासून होत होती. पिनिनफरिनाने घडवलेली, १९६९ साली युरोपात 'कार ऑफ द इयर' ठरलेली ही देखणी मोटार पॅरिसच्या डॉक्टर-वकिलांसाठी आणली होती. तिने खरं नाव काढलं ते सहाराच्या कडेच्या कच्च्या रस्त्यांवर. म्हणजे एकाच वेळी डाकारच्या आणि कराडच्या स्टँडवर एकाच वंशाची इंजिनं "चला, एकच सीट!" ऐकत उभी होती.

इंजिन आलं, पण ज्या गोष्टीसाठी जुन्या फ्रेंच मोटारींवर लोक जीव टाकतात ती गोष्ट आपल्याकडे आली नाही. ती गोष्ट म्हणजे खराब रस्त्याचा विचार. जर्मन मोटारीचा अभियंता इंजिनापासून सुरुवात करतो आणि इटालियन माणूस रेषेपासून, असं ढोबळ मानाने म्हणता येईल. फ्रेंच माणूस, निदान सित्रोएन कंपनीतला, सुरुवात करायचा ती बसणाऱ्याच्या पाठीपासून. जुलैत ज्याने घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवरून रिक्षाने प्रवास केलाय, त्याला यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

१९३०च्या दशकाच्या मध्यात सित्रोएनचे उपाध्यक्ष पिएर-ज्यूल बुलांजे यांनी आपल्या अभियंत्यांना एक अट घातली. गाडीत लाकडी जोडे घातलेले दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे बसले पाहिजेत, वेग ताशी ६० किलोमीटर पुरे, पेट्रोल १०० किलोमीटरला तीन लिटरच्या वर जाता कामा नये, आणि नांगरलेल्या शेतातून गाडी नेली तरी टोपलीतलं एकही अंडं फुटता कामा नये. दिसण्याबद्दल अट नव्हती. बुलांजे स्वतः उंच होते; डोक्यावर हॅट घालून नमुना गाडीत बसायचे आणि हॅट छताला लागली की ते छत रद्द, अशी गोष्ट सांगतात. १९३९ पर्यंत अडीचशेच्या आसपास नमुने तयार झाले होते. तेवढ्यात युद्ध पेटलं आणि जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून बहुतेक मोडले, काही लपवले. त्यातले तीन नव्वदच्या दशकात कंपनीच्याच जुन्या चाचणी केंद्रातल्या एका कोठाराच्या माळ्यावर सापडले.

या गाडीचं नाव '२ सीव्ही'. अंड्यांची अट कशी पाळली ते बघण्यासारखं आहे. साध्या मोटारीत प्रत्येक चाकाला आपापली स्प्रिंग असते आणि प्रत्येक चाक आपापला खड्डा सोसतं. २ सीव्हीत एका बाजूचं पुढचं आणि मागचं चाक यांच्या मध्ये, चासीला समांतर, एक आडवी नळी ठेवली आणि दोन्ही चाकांच्या स्प्रिंगा तिच्यात कोंबल्या. चाकांचे दांडे सळ्यांनी या स्प्रिंगांना जोडले. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की सळी ओढली जाते, नळी सरकते, आणि मागच्या चाकाला आधीच निरोप पोचतो. गाडीचं नाक वर, शेपूट खाली असा झोका बसतच नाही. गाडी वळणावर इतकी कलते की बघणाऱ्याचा श्वास अडकावा, पण चाकं रस्ता सोडत नाहीत. पलंगाच्या निवारीसारखे रबराचे पट्टे नळ्यांना ताणून केलेल्या सीटा; त्या काढून झाडाखाली टाकायच्या आणि डबा खायचा. काचा खाली सरकत नाहीत, अर्ध्यात दुमडून वर उलटतात. छत कॅनव्हासचं, थेट मागपर्यंत गुंडाळता येणारं. पेणहून चार फुटी गणपती उभाच्या उभा आणायला याहून सोयीची मोटार झाली नसेल. कॅनव्हासला आपल्या पावसाने काय केलं असतं तो भाग निराळा.

७ ऑक्टोबर १९४८ला पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली तेव्हा पत्रकार हसले. पत्रा वळ्या घातलेला, कारण वळी घातली की पातळ पत्राही ताठ राहतो. आपल्याकडच्या गोदामाचं छप्पर आणि २ सीव्हीचं बॉनेट यांच्यामागचं गणित एकच. दिवे बॉनेटबाहेर बेडकाच्या डोळ्यांसारखे. इंजिन ३७५ सीसीचं, हवेने थंड होणारं, नऊ अश्वशक्तीचं. म्हणजे नंतरच्या स्कूटरशी बरोबरी. आकार घडवला तो फ्लामिनियो बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराने. हसणारे घरी गेले आणि गिऱ्हाइकांची रांग काही वर्षांची झाली. जुलै १९९०मध्ये पोर्तुगालच्या कारखान्यातून शेवटची गाडी निघाली तोवर ३८ लाखांहून जास्त बनल्या होत्या. मला विचाराल तर फ्रेंच मोटारींत मी हिलाच पहिला नंबर देईन. तिच्यात उगीच असं काहीच नाही.

नावाचाही खुलासा करायला हवा. 'सीव्ही' म्हणजे करापुरती मोजलेली अश्वशक्ती. फ्रान्समध्ये मोटारीवरचा कर या आकड्यावर ठरे, म्हणून गाडीला नावच कराचं मिळालं: दोन अश्वांचा कर. युद्धानंतर मोठ्या इंजिनांवर कर इतका चढला की दलाए, दलाज, ताल्बो-लागो यांसारख्या राजेशाही मोटारी बनवणारी घराणी दहा-पंधरा वर्षांत विझली. अश्रूच्या थेंबासारखे ओघळते मडगार्ड, रेशमी पडदे, संस्थानिकांची गिऱ्हाइकी, सगळं गेलं. राहिलं ते लहान इंजिनातून जास्तीत जास्त सोय काढण्याचं कौशल्य. कर गाडीला आकार देतो हे आपल्याला नवीन नाही. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी सवलत मिळाली आणि बघता बघता आपल्या सेदानांच्या डिक्या कापल्या गेल्या. टाटांची इंडिगो सीएस हे त्याचं ठळक उदाहरण. मागून बघितलं की कुणीतरी घाईत कात्री चालवल्यासारखं वाटतं. फ्रेंचांनी कर मनात धरून पहिल्यापासून गाडी काढली. आपण काढलेली गाडी करात बसवली.

आणि मग 'डीएस'. ५ ऑक्टोबर १९५५ला ती दाखवली, पहिल्या पंधरा मिनिटांत ७४३ आणि दिवसअखेर सुमारे १२ हजार ऑर्डरी आल्या. फ्रेंचमध्ये डी-एस ही अक्षरं झटकन उच्चारली की 'देवी' असा शब्द ऐकू येतो. रोलाँ बार्थ या विचारवंताने १९५७च्या पुस्तकात तिच्यावर लेख लिहिला आणि तिची तुलना मध्ययुगातल्या भव्य चर्चेसशी केली. पुढून रुंद, मागून निमुळती. पुढच्या दोन चाकांतलं अंतर दीड मीटर आणि मागच्या दोन चाकांतलं एक मीटर तीस. माशाला असतो तसा देह. नाकावर जाळी नाही. छत फायबरग्लासचं, म्हणजे डोक्यावरचं वजन कमी. मागचे इंडिकेटर छताच्या कोपऱ्यांत, कर्ण्यांच्या आकाराचे. स्टिअरिंगला एकच आरी. मागचं मडगार्ड एका बोल्टवर. पंक्चर काढायचं तर तो बोल्ट फिरवून मडगार्डच उचलून बाजूला ठेवायचं.

तिची स्प्रिंग म्हणजे लोखंडच नव्हतं. चारही चाकांवर एकेक लोखंडी गोळा, शहाळ्यापेक्षा लहान. आत मधोमध रबराचा पडदा. एका बाजूला कोंडलेला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. चाक वर आलं की तेल पडद्याला ढकलतं, वायू दाबला जातो आणि पुन्हा फुगतो. वायूची स्प्रिंग लोखंडासारखी दमत नाही आणि खणखणत नाही. इंजिनावर चालणारा पंप या तेलाला दाब देई आणि त्याच दाबावर ब्रेक, स्टिअरिंग आणि गिअरही चालत. ब्रेकला पायपट्टी नव्हती, अळंबीसारखं रबरी बटण होतं. अंगठ्याने दाबल्यासारखं पायाने दाबायचं. पॉल माजेस या माणसाची ही करामत. उभी केलेली गाडी हळूहळू जमिनीवर बसे, आणि इंजिन सुरू केलं की आधी मागची बाजू, मग पुढची, अशी उठून उभी राही. उंट उठतो तशी. एक दांडा ओढला की गाडी वीतभर उंच होई. अंधेरी सबवेत पाणी भरलं की मला दरवर्षी हा दांडा आठवतो. जॅकचीही गरज नव्हती: गाडी उंच करायची, खाली टेकू लावायचा, मग गाडीला बसायला सांगायचं, ती चाकच वर उचलून घेई. २२ ऑगस्ट १९६२ला पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या डीएसवर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी चालकाने गाडी पळवत बाहेर काढली. द गोल बचावले आणि सित्रोएनला अशी जाहिरात मिळाली जी पैसे देऊन मिळाली नसती.

पण खरं बोलायचं तर डीएस आपल्याकडे जगली नसती. तिचं पहिलं तेल वनस्पतीजन्य. ते हवेतली ओल शोषायचं आणि आतून नळ्या गंजायच्या. मुंबईच्या जूनमध्ये हे तेल किती टिकलं असतं? १९६६च्या सुमारास हिरवं खनिज तेल आलं आणि तो त्रास संपला, तरी एखाद्या गोळ्यातला वायू गेला तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा कुठला मिस्त्री तो भरून देणार होता? आपल्याकडचा कारागीर कुठल्याही गाडीला कुठल्याही गाडीचा पार्ट बसवून देतो, पण त्यासाठी गाडीलाही थोडं ऐकावं लागतं. सित्रोएनच्या गाड्या ऐकत नसत. नवं काढायच्या हट्टापायी कंपनी दोनदा बुडाली: १९३४मध्ये पुढच्या चाकांवर चालणाऱ्या 'त्राक्सियाँ आवाँ'च्या खर्चाने, तेव्हा मिशलँ या टायरवाल्यांनी ती घेतली, आणि सत्तरच्या दशकात, तेव्हा प्यूजोने.

मुंबईत डीएसच्याही आधीच्या काळातली एक फ्रेंच मोटार मात्र गाजली. जेआरडी टाटांचा जन्म पॅरिसचा, आई फ्रेंच. तरुणपणी ते मुंबईत बुगाटी पळवायचे. बेफाम गाडी हाकल्याच्या खटल्यात त्यांनी जॅक विकाजी यांना वकील केलं, तिथे वकिलांची पुतणी थेल्मा भेटली आणि १९३०मध्ये लग्न झालं. दोन वर्षांनी तेच जेआरडी कराचीहून टपालाचं विमान घेऊन जुहूला उतरले. उपनगराच्या इतिहासात त्या विमानाला जागा आहे. बुगाटीलाही थोडी हवी.

उपनगरी मध्यमवर्गाच्या दारात फ्रेंच मोटार प्रथम आली ती १९९४मध्ये, प्यूजो ३०९. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने प्यूजोबरोबर कंपनी काढली आणि कल्याणच्या कारखान्यात ही गाडी बनू लागली. पद्मिनी आणि मारुती ८०० या दोघींच्या पलीकडे काही बघितलेलं नव्हतं तेव्हा ही गाडी डोळ्यांत भरली. मुलुंडला आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी घेतली होती. मागच्या सीटवर बसलो आणि पहिल्यांदा कळलं की रेल्वे फाटक ओलांडताना कवटी हलणं हा निसर्गनियम नाही. दिसायला मात्र साधीच. मागची काच मोठी, फुगीर, बुडबुड्यासारखी. डिकी आहे की नाही हे बघणाऱ्याला कळू नये अशी. दारं बारीक वाटायची, त्याचं कारण पुढे वाचनात आलं: ती प्यूजोच्याच धाकट्या २०५ची दारं होती. मधला देह धाकटीचा, पुढेमागे ओढून लांब केलेली. युरोपात १९८५ला आलेली ही गाडी तिकडे बंद झाली १९९३ला, म्हणजे तिकडचा मांडव उतरल्यावर इकडे वरात निघाली. १९९७मध्ये प्यूजोने भारतातून अंग काढून घेतलं आणि ३०९ संपली.

या ३०९ची वंशावळ मी एकदा कागदावर मांडली आणि थक्क झालो. ही मुळात प्यूजोची गाडीच नव्हती. अमेरिकेच्या क्रायसलरने युरोपात एक संसार थाटला होता. त्यात फ्रान्सची सिम्का ही कंपनी होती. सिम्काची सुरुवात १९३०च्या दशकात झाली ती फियाटच्या गाड्या परवान्यावर बनवून. १९७८मध्ये क्रायसलरने तो सगळा संसार प्यूजोला विकला. तिथल्या अभियंत्यांनी इंग्लंडमध्ये 'ताल्बो अॅरिझोना' या नावाने जी गाडी काढली, तिच्यावर शेवटच्या घटकेला प्यूजोचा सिंह लागला आणि ती ३०९ झाली. प्यूजोच्या ३०५च्या पाठोपाठ एकदम ३०९ हा विचित्र आकडा त्यातूनच आला. ३०६ खऱ्या वारसासाठी राखून ठेवला होता. आता प्रीमियर बघा. १९४४मध्ये वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या या कंपनीने कुर्ल्याला १९४७मध्ये जुळणी सुरू केली ती क्रायसलरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांची. पन्नासच्या दशकात फियाटशी करार, त्यातून अकराशे आणि पुढे पद्मिनी. नव्वदीत प्यूजो. फियाट, क्रायसलर, प्यूजो: फ्रान्सच्या सिम्काने ज्या तीन घरांचं पाणी प्यालं, त्याच तीन घरांचं आमच्या कुर्ल्याच्या प्रीमियरनेही. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता इमारती आहेत. रस्त्याचं नाव तेवढं प्रीमियर रोड राहिलंय.

प्यूजो गेली तरी तिचं इंजिन पुन्हा मागेच राहिलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मारुतीने झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये काढल्या, त्यात १५२७ सीसीचं टीयूडी ५ हे प्यूजोचंच इंजिन होतं. प्रीमियरने २००९मध्ये रिओ काढली, तिच्यातही याच घराण्यातलं. रस्त्यावर मारुती म्हणून ओळखल्या गेलेल्या हजारो गाड्यांत फ्रेंच इंजिन धडधडत होतं आणि मालकांपैकी बऱ्याच जणांना ते ठाऊक नव्हतं. मामांसारखंच.

जीपचीही कथा अशीच फिरून येते. विलिस, कैसर, मग एएमसी असा हात बदलत गेलेला 'जीप' हा ब्रँड ऐंशीच्या दशकात काही वर्षं रेनॉच्या, म्हणजे फ्रेंचांच्या ताब्यातल्या कंपनीत होता. १९८७मध्ये रेनॉने तो हिस्सा क्रायसलरला विकला. मामांची गाडी कांदिवलीहून निघाली तेच साल. पुढे क्रायसलर फियाटमध्ये गेली, आणि १६ जानेवारी २०२१ला फियाट-क्रायसलर आणि प्यूजो-सित्रोएन एक होऊन स्टेलँटिस ही कंपनी झाली. आज जीप, फियाट, क्रायसलर, प्यूजो, सित्रोएन हे सगळे एका छपराखाली आहेत. प्रीमियरचे तिन्ही जुने भागीदार आता एकच कंपनी आहेत. आणि विलिसच्या अंगात प्यूजोचं इंजिन ही जोडी, जी बड्या वकिलांनी कागदावर २०२१मध्ये जमवली, ती आकुर्ली रोडवर ऐंशीच्या दशकातच जमली होती.

आता कामाचं. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ बॉडी, चासी आणि इंजिन शाबूत असलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी वा चारचाकी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंद होते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. तोवर मात्र १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर चुकत नाही. कल्याणची पहिली ३०९ या यादीत बसायला २०४४ उजाडेल. मामांची जीप २०३७मध्ये बसेल. ती अजून वाईला गोठ्याशेजारी उभी आहे, हेड तेच आहे, हीटरही मारावा लागतो. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी पडून असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा बॉनेट उघडून इंजिनावर कोरलेली अक्षरं वाचा, आणि आरसी बुक जपून ठेवा.